फोटो वाचून दाखवणारी सीडी

कासारवाडीत स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान होतं, तोवर मी दिवसातून निदान पाच वेळा एकच वाक्य म्हणत असे. "हे बघा, यातल्या कुठल्याही फाइलचं नाव बदलू नका." समोरचा मान हलवायचा, सीडी पिशवीत टाकायचा, घरी जायचा आणि पहिलं काम काय करायचा, तर नाव बदलायचा. आपल्या लोकांना नावं ठेवायची हौस मोठी. माणसांना ठेवून झाली की फाइलींना.

बावीस वर्षं मी ते दुकान चालवलं. लग्न होऊन बार्शीहून इकडे आले. नवरा कंपनीत फिटर, तीन शिफ्टांमुळे त्याचं घरी असणं म्हणजे झोपलेलं असणं. मग मी टायपिंग शिकले, टायपिंगवरून कॉम्प्युटरवर आले आणि कॉम्प्युटरवरून सीडीवर. दहा बाय बाराचा गाळा, त्यावर पाटी: 'टायपिंग, लॅमिनेशन, पीपीटी व सीडी करून मिळेल.' आता सीडी म्हटलं की माझी नात ती उन्हात धरून भिंतीवर रंग पाडते, तिला त्या वस्तूचा तेवढाच उपयोग ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे अनुभव कमी आणि चुका जास्त आहेत. ते म्हणाले, मग चुका लिहा. म्हणून इतरांच्या दोन लिहिते आणि माझी एक. माझी मोठी आहे.

आधी धंदा काय होता ते सांगते. त्या काळात आमच्या पट्ट्यात कुठलाही कार्यक्रम पीपीटीशिवाय होत नसे. पीपीटी म्हणजे पडद्यावर एकामागून एक सरकणारी चित्रं आणि मजकूर. कंपनीत ऑडिट आलं की पीपीटी. सुरक्षा सप्ताह आला की पीपीटी. कुणी रिटायर झालं की त्याचे कामावर लागल्यापासूनचे फोटो, मागे एखादं हळवं गाणं, आणि शेवटी त्याचा हात जोडलेला फोटो. हे सगळं मी तयार करायची आणि सीडीवर घालून द्यायची.

यातली खोच अशी की फोटो पीपीटीच्या पोटात जातो, पण आवाज किंवा व्हिडिओ मोठा असला तर तो पोटात जात नाही. तो बाहेरच राहतो आणि पीपीटी फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवते: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, या नावाची फाइल. चित्र पडद्यावर आलं की ती त्या पत्त्यावर जाऊन हाक मारते. तिथे त्या नावाचं कुणी असेल तर गाणं वाजतं. नसेल तर ती मुकाट परत येते. तक्रार नाही, आदळआपट नाही. बघणाऱ्याला वाटतं, इथे आवाज नव्हताच. या गप्प बसण्याच्या सवयीनेच पुढे माझा घात केला.

तर नुसती पीपीटी सीडीवर उचलून टाकून चालत नाही. आधी सगळे आवाज, सगळे व्हिडिओ आणि पीपीटी एकाच फोल्डरमध्ये आणायचे, मग एकमेकांना जोडायचे आणि ते सगळं बाड बांधून सीडीवर चढवायचं. याला मी पॅकिंग म्हणायची. पॅकिंग झालं की ती सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघायची. त्यासाठी माझ्याकडे एक जुनाट कॉम्प्युटर कोपऱ्यात ठेवलेला होता. त्याचं नाव मी 'सासर' ठेवलं होतं. माहेरी सगळ्याच मुली घडाघडा बोलतात, सासरी तोंड उघडतं का ते बघायचं. गिऱ्हाइकांनाही ते नाव पाठ झालं होतं. "ताई, सासरी जाऊन आली का आमची सीडी?" असं विचारायचे.

चाकणला पत्रा दाबून पार्ट काढायचं प्रेसशॉप असलेले एक भाऊ माझ्याकडे यायचे. त्यांना एका मोठ्या कंपनीचं काम हवं होतं आणि तिथल्या साहेबांना आपल्या नव्या मशीनचा व्हिडिओ दाखवायचा होता. मी म्हटलं, पॅकिंग करून देते. तर म्हणाले, "त्यात काय ताई, सीडी आपण स्वतः करतो. तुम्ही पीपीटी तेवढी झकास करा." त्यांनी घरी जाऊन कॉम्प्युटरवर दिसणारं व्हिडिओचं चिन्ह उचललं आणि सीडीत टाकलं. त्या चिन्हाच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण होता. तो बाण असला की समजायचं, ही फाइल नव्हे, ही नुसती फाइलकडे जायची वाट. भाऊ वाट घेऊन गेले आणि गाव घरीच राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन. "ताई, मशीन चालंना!"

मला वाटलं, प्रेसचं मशीन, कुणाचा हात सापडला की काय! मी ओरडले, "आधी मेन स्विच बंद करा!"

"अहो खरी न्हाई, पडद्यावरची! पाच साहेब समोर बसलेत."

मी म्हटलं, आता काही होणार नाही, तोंडानं सांगा. आणि त्या माणसानं खरंच तोंडानं सांगितलं. पत्रा कसा आत सरकतो, डाय कशी खाली येते, 'धाडकन' कसा आवाज होतो आणि पार्ट कसा बाहेर पडतो, हे उभं राहून हातवारे करून दाखवलं. साहेब लोक हसले, पण काम त्यांनाच मिळालं. नंतर पेढे घेऊन आले तेव्हा म्हणाले, "व्हिडिओत एवढा जोर नव्हता, ताई." तरी पुढच्या वेळी पॅकिंग मात्र माझ्याकडूनच करून घेतलं.

दुसरे देहूरोडचे एक निवृत्त सुभेदार. त्यांच्या जुन्या सोबत्यांचं संमेलन होतं. माणूस अतिशय शिस्तीचा आणि तितकाच देवभोळा. मी नीट नावं दिलेल्या प्रत्येक फाइलच्या आधी त्यांनी घरी बसून मराठीत 'श्री' टाइप केलं, आणि मग सीडी करून द्या म्हणून सगळं परत माझ्याकडे आणलं. त्या वेळच्या सीडीला मराठी अक्षरं झेपत नसत. सगळ्या 'श्रीं'च्या जागी नुसत्या आडव्या रेघा उमटल्या, नावं जुळेनात आणि एकही गाणं वाजेना. मी समजावून सांगितल्यावर ते खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे मॅडम, देवाचं नाव घेतलं म्हणून गाणं बंद पडलं?" मी म्हटलं, "देवाची काही हरकत नाही हो, सीडीची आहे." मग आम्ही दोघांनी बसून सगळ्या 'श्री' काढल्या. दर वेळी पुसताना ते हात जोडत होते.

या गोष्टी मी लोकांना हसत हसत सांगायची. सांगताना आवाजात थोडा तोराही असायचा, कारण माझी सीडी कधी गप्प बसत नाही अशी माझी ख्याती होती. आता माझी चूक सांगते.

वाघमारे बाबा पहिल्यांदा आले ते दुपारी दोनला, दुकानात कुणी नसताना. पिंपळे गुरवला राहायचे. एका कंपनीच्या मशीनशॉपमध्ये बत्तीस वर्षं लेथवर काढून रिटायर झालेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं की शब्द मापात बसला तरच तोंडाबाहेर पडायचा. हातातल्या पिशवीत एक्केचाळीस फोटो होते. प्रत्येकाच्या मागे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, कोण, कुठे, केव्हा.

"मॅडम, हे फोटो बोलले पाहिजेत," ते म्हणाले.

मला आधी काही कळेना. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, वाचता येत नव्हतं. बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, पण सहीच्या पुढे गाडी गेली नव्हती. ही फोटोंची पिशवी मात्र त्या दोन-चार दिवसांनी काढून बसायच्या. फोटो बघायच्या, उलटा करायच्या, मागच्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या आणि हाक मारायच्या, "अवं, ह्यात काय लिवलंय?" मग बाबा हातातलं काम ठेवून वाचून दाखवायचे.

"तिला सगळं पाठ आहे," बाबा म्हणाले. "तरी हाक मारते. आणि मी पण वाचतो."

"मग आता काय अडलं?"

"मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे, मॅडम. उद्या मी नसलो तर ती हाक कुणाला मारील? मुलगी दिवसभर कामाला असते."

त्यानंतर तीन आठवडे ते रोज दुपारी येत राहिले. मी फोटो स्कॅन करायची, ते माइकपुढे बसून बोलायचे. स्टेशन जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने गाडीचा भोंगा. "गाडी गेली की बोला," असं मी म्हणायची आणि ते बोट वर करून गाडी जायची वाट बघत थांबायचे. पहिल्या दिवशी माइक चालतो का बघायला मी म्हटलं, काहीतरी बोला. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "शांता, हे बघ." दोन सेकंदांचा आवाज. तो इतका छान उमटला होता की तोच आम्ही पहिल्या फोटोला लावून टाकला.

दुसऱ्या फोटोपासून मात्र त्यांनी सुरुवात केली, "फोटो नंबर दोन. स्थळ अमुक. उपस्थित, मी आणि शांता." मला हसू आवरेना. म्हटलं, "बाबा, हा इन्स्पेक्शन रिपोर्ट झाला. बायकोशी कुणी असं बोलतं का?"

"घरी तर एवढंही बोलत नाही," ते म्हणाले. आणि तेही हसले. पुढे पुढे मात्र त्यांचा आवाज सैल होत गेला. फोटोच्या मागे नसलेलंही ते सांगू लागले. कधी सांगता सांगता थांबायचे, तेव्हा मी स्क्रीनकडे बघत बसायची.

त्यांच्या आवाजांसाठी मी 'वाघमारे बाबा' नावाचा वेगळा फोल्डर केला होता आणि पीपीटी सगळ्या गिऱ्हाइकांच्या पीपीटींसोबत दुसरीकडे ठेवली होती. सगळं एका जागी ठेवायचा नियम माझाच. पण रोज थोडं थोडं काम चाललेलं, शेवटी पॅकिंग करताना एकत्र आणू, असं मी ठरवलं होतं.

शेवटचा दिवस नेमका सुरक्षा सप्ताहाच्या आदल्या दिवशी आला. दुकानात चार कंपन्यांची माणसं उभी, प्रत्येकाला आजच पाहिजे. 'सासर' प्रमाणपत्रं छापण्यात अडकलेलं. बाबा कोपऱ्यात शांतपणे उभे होते. लग्नाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता, घाई त्यांना नव्हतीच. घाई मला होती. मी पटकन पीपीटी उचलली आणि सीडीवर टाकली. नुसती पीपीटी. ज्या कॉम्प्युटरवर ती तयार केली होती, त्याच कॉम्प्युटरवर लावून बघितली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फोटो बोलले. बोलणारच. पत्ता त्याच घरातला होता, शेजारच्या खोलीत हाक मारल्यावर कुणीही ओ देतं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मार्करने सीडीवर 'शांता' लिहिलं. जाताना म्हणाले, "मॅडम, काम मापात झालं." लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी नसते. मी दिवसभर त्या वाक्यावर खूश होते.

लग्नाच्या वाढदिवसाच्या आधीच बाबा गेले, झोपेतच. मला ते महिन्याभराने एका गिऱ्हाइकाकडून कळलं. माझी एक सवय होती. जुनं गिऱ्हाईक गेल्याचं कळलं की मी त्याच्या फोल्डरच्या नावाआधी 'कै.' लावायची. घरच्यांनी फोटोला हार घालावा तसं ते माझं हार घालणं. बाबांच्या फोल्डरलाही मी तसं लावलं आणि पुढच्या कामाला लागले.

वर्ष होत आलं. एका सकाळी तिशीतली एक मुलगी आणि तिच्यासोबत साठी उलटलेल्या एक बाई दुकानात आल्या. मुलगी म्हणाली, "ताई, मी उज्ज्वला वाघमारे. बाबा तुमच्याकडे यायचे. ही माझी आई. रविवारी बाबांचा पुण्यानुमोदन कार्यक्रम आहे, पहिलं वर्ष. पत्रिका करायच्या आहेत. आणि तुम्ही केलेली सीडी हॉलमध्ये पडद्यावर लावायचीय, तर ती मोठ्या पडद्यावर चालेल का विचारायचं होतं."

मी खुर्च्या पुढे केल्या. शांताबाई बसल्या, दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हितंच बसायचे का ते? लई ग्वाड काम करून दिलं बगा तुमी. कपाटात घावली सीडी. पोरीनं शिकिवलंय, आत घालायची न् दाबायचं. रोज ऐकते मी. ते म्हनत्यात, 'शांता, हे बघ.' मग मी समदे फोटू बगते."

"आणि बाकीच्या फोटोंचं ऐकता ना?"

"बाकीच्याला न्हाई बोलत ते. त्यांचा सभावच तसा. एवढं बोलले ह्येच लई झालं."

मला क्षणभर वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग उलगडा झाला. पहिला आवाज दोन सेकंदांचा, बारीक, म्हणून तो आपोआप पीपीटीच्या पोटात गेला होता. बाकीचे चाळीस मोठे, ते बाहेर राहिले होते. माझ्या दुकानात. ती सीडी वर्षभर रोज त्यांच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या दुकानातला पत्ता शोधत होती आणि गप्प बसत होती. आणि ही बाई समजत होती की नवऱ्याला एवढंच सांगायचं होतं.

तक्रार आली असती तर मी तोंड तरी देऊ शकले असते. हरवलंय हेच ज्यांना माहीत नाही, ते तक्रार काय करणार? पत्रिका छापून, हसून निरोप दिला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, हेही लिहून टाकते.

"मावशी," मी म्हटलं, "माझी चूक झालीय. बाबा सगळ्या फोटोंवर बोललेत. चाळीस फोटोंवरचं बोलणं अजून माझ्याकडे आहे. मी ते सीडीवर घातलंच नाही."

उज्ज्वलाचा चेहरा बदलला. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नमुना हरवला तर काय होतं हे तिला चांगलं ठाऊक. "ताई, वर्षभर आई रोज तेवढे तीन शब्द ऐकत होती," ती म्हणाली. "वर्षभर."

शांताबाईंनी टेबलाची कड धरली होती. "म्हंजी? आजून बोललेत ते?"

मी कॉम्प्युटर तोच आहे, मशीन बदललेलं नाही, आता लगेच ऐकवते, असं काहीबाही बोलत पीपीटी उघडली. पहिला फोटो. "शांता, हे बघ." दुसरा फोटो आला. शांतता. तिसरा. शांतता. जिथे वर्षापूर्वी सगळे फोटो बोलले होते, त्याच कॉम्प्युटरवर आता एकही बोलेना. मध्ये एकदा जागा अडते म्हणून मी जुनं सामान काढून टाकलं होतं. त्यात हे गेलं की काय? मागे शांताबाईंचा श्वास ऐकू येत होता. मी फोल्डर उघडत गेले, एक, दुसरा, तिसरा. 'व'मध्ये शोधलं, वाघमारे नव्हते.

"ताई, हे काय?" उज्ज्वलाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "बाबांच्या नावाआधी तुम्ही काय लिहिलंय?"

फोल्डर तिथेच होता, 'क'मध्ये. उघडून बघितला. चाळीसच्या चाळीस आवाज जागेवर. मी खुर्चीत मागे टेकले.

"कै. लिहिलंय," मी म्हटलं. "ते गेल्याचं कळलं तेव्हा मीच लावलं." आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पीपीटी 'वाघमारे बाबा' या नावाने हाक मारत होती. त्या दारावरची पाटी मीच बदलली होती. दिवसातून पाच वेळा लोकांना सांगायची, नाव बदलू नका.

"आमच्यात कै. नाही लावत," उज्ज्वला म्हणाली. रागाने नाही, सरळ. "कैलासवासी म्हणजे कैलासाला गेलेला. आम्ही बौद्ध आहोत, ताई. आम्ही कालकथित लिहितो."

मला दुहेरी लाज वाटली. बाबा तीन आठवडे माझ्यासमोर बसले होते, त्यांचे फोटो मी एकेक करून स्कॅन केले होते, विहाराचे, धम्मदीक्षेच्या मेळाव्यांचे. तरी हात सवयीने चालला. इतकी वर्षं कुणाच्याही नावाला तेच एक लावत आले, कुणाला ते चालतं आणि कुणाला नाही, हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. "माफ करा," मी म्हटलं, "आता कालकथित करते," आणि 'कै.' पुसलं. कालकथितचा 'का' टाइप करून थांबले.

"उज्ज्वला, एक अडचण आहे. कालकथित लिहिलं तरी आवाज येणार नाही. पीपीटीतल्या पत्त्यात नुसतं 'वाघमारे बाबा' आहे. आधी कुठलाही शब्द लावला तरी ती ओळखत नाही. मी चाळीस फोटो नव्या नावाने पुन्हा जोडून देऊ शकते. दुपार होईल, पण देते."

उज्ज्वला विचारात पडली. आईकडे वळून तिने तिला समजेल असं सांगितलं, की बाबांच्या नावाआधी कालकथित लावलं तर बाबा बोलत नाहीत.

शांताबाईंना समजायला एक क्षणही लागला नाही. "बोलले तवा जित्ते हुते न्हवं? मग तवाचंच नाव ऱ्हाऊ द्या. पत्रिकेवर लिवा काय लिवायचं ते. हितं नगं."

मी 'का' पुसला. 'वाघमारे बाबा' एवढंच राहिलं. पीपीटी पुन्हा उघडली आणि आवाज मोठा केला. पहिला फोटो झाला. दुसरा आला: बुद्धविहारासमोर उभे असलेले तरुण नवरा-बायको, तो ताठ, ती पदर सावरणारी. काळापांढरा फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या.

"फोटो नंबर दोन," बाबा म्हणाले. "स्थळ, देहूरोड, विहारासमोर. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हाचा. उपस्थित, मी आणि शांता."

शांताबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. उज्ज्वलाने त्यांचा खांदा धरला.

"शांता हिरवं पातळ नेसलीय," बाबा पुढे सांगत होते. "माझ्या पहिल्या पगाराचं. ती म्हणाली होती, एवढं भारी कशाला आणलं. पण दिवसभर तिने ते..."

"हिरवं?" शांताबाईंचे हात तोंडावरून खाली आले. "अवं, हिरवं कुठलं? निळं हुतं त्ये!"

बाबा थांबले नाहीत, त्यांचं चालूच होतं.

"निळं! काठ पिवळा! मी न्हेसले हुते का तुमी?" स्क्रीनकडे बोट रोखून त्या ओरडल्या. "येवढं लिवताय, वाचताय, न् पातळाचा रंग ध्यानात न्हाई?" आणि मग त्या हसल्या. हसता हसता रडू लागल्या, तोंडाला पदर लावला, आणि पदराआडून पुन्हा म्हणाल्या, "निळंच हुतं." आता मीही रडत होते. उज्ज्वला तर केव्हाची रडत होती.

त्या दिवशी मी शटर अर्धं खाली ओढलं आणि चाळीसही फोटो ऐकवले. शांताबाई प्रत्येक फोटोला काही ना काही बोलत होत्या. कुठे हुंकार देत होत्या, कुठे "तेच म्हनते मी," कुठे "आता का सांगताय, तवा सांगायचं हुतं." सातव्या फोटोत बाबा एका मेलेल्या मुलाविषयी बोलले, उज्ज्वलाच्या आधी झालेल्या. तेव्हा मात्र मी बाहेर जाऊन उभी राहिले.

दुपारभर बसून मी सगळं नीट केलं. सगळे आवाज आणि पीपीटी एका फोल्डरमध्ये आणली, पुन्हा जोडली, पॅकिंग केलं आणि तीन सीडी केल्या. तिन्ही 'सासरी' लावून शेवटच्या फोटोपर्यंत ऐकल्या. उज्ज्वलाचं ते 'वर्षभर' मला अजून ऐकू येतं आणि तिची तक्रार रास्त आहे. त्या तीनशे पासष्ट दिवसांचं मी काहीच करू शकले नाही, आणि माझ्या धंद्यात दुरुस्त न करता आलेलं तेवढं एकच आहे.

संध्याकाळी दोघी सीडी न्यायला आल्या. मला एक गोष्ट सुचली होती. आवाजातला एखादा शब्द कापता येतो, मला ते काम चांगलं जमायचं. मी शांताबाईंना म्हटलं, "मावशी, दुसऱ्या फोटोतलं ते 'हिरवं' मी अलगद काढून देऊ का? रविवारी सगळे पाहुणे ऐकतील. रंग चुकीचा नको जायला."

त्यांनी सीडी पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली.

"नगं, बाई. ऱ्हाऊ द्या चुकीचं. ते रोज हिरवं म्हनतील, मी रोज निळं म्हनंन. न्हाईतर मी त्यांच्यासंगं बोलू काय?"